तुटलेला शिवदोरा

अंघोळीचा शेवटचा तांब्या खांद्यावर ओतला आणि इरम्माचा हात सवयीनं गळ्याशी गेला. तिथं काहीच नव्हतं.

शिवदोरा नव्हता, दोऱ्याला अडकवलेली करडगी, ती चांदीची डबी, नव्हती आणि करडगीच्या पोटातलं लिंगही नव्हतं. लहानपणी दीक्षा झाली त्या दिवसापासून ते तिच्या छातीवर होतं. बाळंतपणात होतं. ते लेकरू गेलं तेव्हा होतं, नवरा गेला तेव्हाही होतं. मंगळसूत्र उतरलं, पण ते कधी उतरलं नाही.

लिंगायताचा देव देव्हाऱ्यात बसत नाही, अंगावर असतो. सकाळ-संध्याकाळ त्याला डाव्या तळहातावर घ्यायचं, पाणी घालायचं, भस्म लावायचं, बेल वाहायचा, आणि मगच तोंडात घास. लिंग अंगावर नसेल तर पाणीसुद्धा घशाखाली उतरवायचं नाही, हा इरम्माचा नेम. अडीअडचणीला पुष्कळजण सवलत काढतात. देव काही काठी घेऊन मागं लागत नाही. पण इरम्मानं ती कधी काढली नव्हती.

"अक्का!" तिनं न्हाणीतूनच जावेला हाक मारली.

नीलम्मा धावत आली. "काय गं? इंचू चावला का?"

"लिंग न्हाय गळ्यात."

नीलम्मा उंबऱ्यातच मटकन बसली.

दोघींनी सगळं घर पालथं घातलं. मग इरम्माला आठवलं. दिवसभर ती करडईत होती. करडई काढायची म्हणजे हाताला फडकी गुंडाळायची, तरी काटा कुठून शिरेल सांगता येत नाही. पदरात शिरतो, केसात शिरतो. एकदा गळ्याशी ओढ बसल्यासारखं झालं होतं खरं, पण पदर अडकला असेल म्हणून तिनं तो सोडवला आणि पुढची ओळ धरली. दोरा जुना झाला होता. येत्या सोमवारी नवा वळू, पुढच्या सोमवारी वळू, असं म्हणत तिनंच टाळलं होतं.

उजाडल्या उजाडल्या ती शेतात गेली आणि चैत्राचं ऊन डोक्यावर येईपर्यंत धसकटं चाचपत फिरली. हात रक्तानं भरले. जीभ टाळ्याला चिकटली. घरी परतली तर सोप्यात घोंगडीवर मठाचे मल्लिकार्जुन स्वामी बसलेले, शेजारी तिचे थोरले दीर महालिंगप्पा पाटील. नीलम्मानं तिला स्वयंपाकघरात ओढलं.

"गावलंय," ती कुजबुजली.

इरम्माच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. "कुठं?"

"येशीभायेरच्या गजराच्या घरी. पडलेला सरवा येचायला गेली व्हती आपल्या रानात. काट्यात गावलं म्हणं. सकाळी येशीत हुबी ऱ्हाऊन वरडत व्हती, धाकल्या माईचा देव माझ्या घरी हाय, कुणीतरी न्या म्हणून."

"मग आणा की कुणीतरी! न्हाय तर म्याच जाते."

"हळू बोल गं. भायेर काय चाललंय, ठाव हाय का तुला?"

बाहेर जे चाललं होतं त्याचं मूळ लिंगात नव्हतं. ते वेठीत होतं. बोरतळी हे उमरग्याच्या अलीकडचं गाव, राज्य निजामाचं. तहसीलदार येवो, पोलिसांचा अमीन येवो, गावानं त्यांना कोंबडी, तूप, वैरण पुरवायची आणि त्यांचं बिऱ्हाड पुढच्या गावापर्यंत डोक्यावरून पोचवायचं. ते ओझं वाहायचं काम वेशीबाहेरच्या महारवाड्याचं, पिढ्यान्‌पिढ्या, बिनमजुरीचं. पण गजराबाईचा नवरा गोरोबा काही वर्षं सोलापूरच्या गिरणीत होता. तिथं तो सभांना गेला, लोकांचं बोलणं ऐकलं आणि ते डोक्यात घेऊन गावी आला. यंदाच्या शिमग्याला त्यानं पाटलाच्या तोंडावर सांगितलं, "मालक, रोजगार द्या, वझं उचलतो. फुकट न्हाय. अन् मेलेलं ढोरबी आता तुमचं तुमी वढा." सगळा महारवाडा त्याच्या मागं उभा राहिला. पाटलाचा एक बैल तीन दिवस गोठ्यात कुजला, तेव्हापासून पाटलाला झोप नव्हती.

महालिंगप्पा पाटील निजामाच्या जुलमाबद्दल तासन्‌तास बोलत. मोठ्या आवाजात नव्हे, पण बोलत. अमीन कसा उभ्या उभ्या शिव्या देतो, लेव्हीचं धान्य कसं ओरबाडून नेतात, हे सांगताना त्यांच्या डोळ्यांत पाणी येई. इरम्माला ते ऐकून वाईटही वाटे. मात्र तेच पाटील पायरी उतरून वेशीपाशी गेले की त्यांच्या तोंडी अमीनाच्याच शिव्या येत, एकही शब्द न बदलता. हे तिला नवल वाटे, आणि अलीकडं नुसतं नवल वाटत नव्हतं.

रीतीप्रमाणं थोरला दीर धाकट्या भावजयीशी थेट बोलत नसे. पाटील भिंतीकडं तोंड करून बायकोला, नीलम्माला म्हणाले, "सांगा तिला, स्वामींनी मठातनं नवं लिंग आणलंय."

इरम्मा दाराआड उभी राहिली. पदर पुढं ओढून म्हणाली, "शरणार्थ, स्वामी. जुन्याला काय झालं?"

"विटाळलं ते, इरम्मा," स्वामी म्हणाले.

"कशानं?"

"कशानं म्हणजे? कुणाच्या घरात पडलंय ते!"

"स्वामी, श्रावणात तुमीच पुराण सांगता. आपला पंथ जिथं निघाला त्या कल्याणात शरणांच्या, त्या येळच्या संतांच्या, पंगतीला चांभार व्हता, कातडं कमावणारा ढोर व्हता. लिंग हातावर घेतलं की कूळ इचारायचं न्हाय म्हणता. कल्याण का इलायतेत हाय? आपल्या उगवतीला, बैलगाडीच्या वाटंवर."

स्वामींनी कपाळावरचं भस्म विनाकारण पुसलं. ते वाईट गृहस्थ नव्हते, पण मठाचं धान्य पाटलाच्या कणगीतून येत होतं. "पुराण ऐकायला असतंय, बाई. चालायला गावची वाट असती."

"मग ऐकवता कशापायी?"

"सांगा तिला," पाटील भिंतीला म्हणाले, "स्वामींशी हुज्जत पुरे. उद्या अमीनसाब यायलेत. त्यांच्यापुढं एवढंच म्हणायचं, का शेतातनं येताना गजरीनं गळ्यातनं करडगी हिसकली. चांदी बघून हिसकली. मग नवं लिंग, मग दीक्षा, मग पाणी."

इरम्माला वाटलं, यांना कुणीतरी चुकीचं सांगितलेलं असणार. "अक्का, भावजींना सांगा, तिनं हिसकलं न्हाय. दोरा काट्यानं तुटला. तिनं तर येशीत येऊन सांगितलं."

"सांगा तिला, ठाऊक हाय मला."

इरम्मानं दाराची चौकट धरली. न समजता केलेलं पाप असतं, त्याला प्रायश्चित्त असतं. पण "ठाऊक हाय मला" याला कोणत्या पोथीत प्रायश्चित्त आहे?

"चोरीखाली नवराबायको आत गेली की बाकीची सरळ व्हतील," पाटील पुढं म्हणाले. आवाज रागाचा नव्हता, पेरणीचा बेत सांगावा तसा होता. "न्हायतर अमीनाचं बिऱ्हाड उद्या कोण उचलणार? मी? सांगा तिला, मी उचलू का?"

इरम्मा म्हणाली, "मला माझं लिंग आणून द्या. मी दुसरं काय मागत न्हाय."

"पंचनामा व्हईस्तवर ते तिथंच ऱ्हाईल. अन् धाकलीला दाराभायेर पाय टाकू देऊ नका."

त्या दुपारीच गोरोबाला चावडीत नेऊन त्याचे पाय लाकडी खोड्यात अडकवले.

दुसरा दिवस उजाडला. इरम्माला उभं राहिलं की डोळ्यांपुढं काजवे दिसत होते. नीलम्मानं माठातलं वाळा घातलेलं पाणी तांब्यात भरून तिच्यापुढं ठेवलं. तांब्याला बाहेरून थेंब सुटले होते.

"पी गं. कोण बघतंय?"

"ज्यानं बघावं तो गजराच्या घरात बसलाय, अक्का."

"मग हो म्हण अन् नवं घे. एका वाक्यानं काय हुतंय? तू मेलीस तर मला या घरात बोलायला तरी कोण हाय?" नीलम्माला रडू फुटलं. "माझं ऐक. बाईमाणसाला खरंखोटं परवडत न्हाय."

इरम्मानं तांब्याकडं पाहिलं. खोटं कशाला सांगावं, तिला प्यावंसं वाटलं. इतकं वाटलं, की एक वाक्य म्हणजे खरंच किती, असं मनात आलं. हिसकलं. एवढा एकच शब्द. मग तिला गजराबाई आठवली. दर सुगीला शेताच्या बांधाशी ओंजळ धरून उभी राहायची आणि इरम्मा वरून हात उंच धरून पाणी ओतायची, शिंतोडाही उलटा उडू नये म्हणून. गजराबाई प्यायची आणि म्हणायची, "देव तुमचं भलं करू." वर्षानुवर्षं ती हे म्हणत आली होती. आणि आता तिच्याच घरात देव नेऊन ठेवला होता, तर त्याची ही चोरी.

इरम्मानं तांब्या पालथा घातला. पाणी अंगणातल्या मोगऱ्याच्या आळ्यात गेलं.

अमीन दुपारी आला. घोडा, मागं दोन शिपाई, बैलगाडीभर बिऱ्हाड. चावडीत जाजम टाकलं होतं. एका कोपऱ्यात गोरोबा, पाय खोड्यात, ओठ फुटलेले. पाटलानं इरम्माला बोलावणं पाठवलं. नीलम्माचा हात धरून ती चावडीच्या दारात उभी राहिली. पाटलाच्या घरची बाई चावडीवर आलेली गावानं कधी पाहिली नव्हती. माणसं भिंतीवरून माना काढून बघत होती.

अमीनाला घाई होती. पान थुंकून तो म्हणाला, "बोलो बाई. किने छीना?"

पाटील जमिनीकडं बघत होते. स्वामी जपाच्या माळेकडं बघत होते. गोरोबा तेवढा तिच्याकडं बघत होता, आणि त्याच्या नजरेत विनवणी नव्हती. ही पण त्यांच्यातलीच, असं तो बघत होता.

इरम्मा जन्मात कधी मोठ्यानं बोलली नव्हती. आताही आवाज लहानच निघाला, पण चावडी इतकी गप्प होती की शेवटच्या माणसापर्यंत तो गेला.

"कुणी हिसकलं न्हाय. माझा दोरा जुना झाला व्हता. करडईच्या काट्यात तुटला. गजराबाईला गावलं, अन् तिनं येशीत येऊन समद्यांना सांगितलं. हे आमच्या भावजींना ठाव हाय. स्वामींनाबी ठाव हाय. ह्या माणसाचे पाय सोडा."

कुणीतरी हसू दाबलं. अमीनानं पाटलाकडं पाहिलं. "क्या जी पाटील? शिकायतच नै तो मुकदमा काहे का? खाली-पीली मेरेकु धूप में बुलाए?" त्याला न्यायाचं काही पडलं नव्हतं. ऊन लागलं होतं आणि फुकट खेप झाली होती, त्याचा राग होता. पण रागात का होईना, त्यानं खोडा उघडायला सांगितलं.

मग त्यानं गोरोबाला पायानं ढोसलं. "चल, उठ. गाडी का चाक टूटा है. बिस्तर उठा."

गोरोबा भिंतीला धरून उभा राहिला. पाय सुजले होते. "रोजगार काय द्याल, साहेब?"

अमीनाचा हात वर गेला, तसा भिंतीवरच्या माणसांतून एक गलका उठला. बाहेर वेशीबाहेरचा सगळा वाडा येऊन उभा होता. अमीनानं ते डोकी मोजल्यासारखं पाहिलं, हात खाली घेतला आणि सगळा राग पाटलावर काढला. "तुम्हारा गाँव, तुम्हारी जिम्मेदारी. तुम उठाव!"

आणि महालिंगप्पा पाटलांनी, चावडीभर माणसांसमोर, अमीनाचा हुक्का उचलला. पाठोपाठ त्यांचे सालगडी बिस्तरं घेऊन निघाले. जाताना पाटील दारात थांबले. आयुष्यात पहिल्यांदा ते थेट इरम्माच्या तोंडाकडं बघून बोलले.

"तू भवी झालीस, पंथाभायेरची. लिंग न्हाय, कूळ न्हाय. माझ्या घरात पाय ठिवायचा न्हाय."

इरम्मा म्हणाली, "लिंग हाय, भावजी. आणायला निघाले."

वेशीबाहेर महारवाड्याची वाट लहानशी, पण इरम्मा त्या वाटेनं कधी गेली नव्हती. घरं शेणानं सारवलेली होती, दारात एका वाकड्या शेवग्याच्या शेंगा वाऱ्यानं हलत होत्या. गजराबाई आपल्या दारात उभी होती. इरम्माला बघून ती मागं सरकली, सवयीनं. आपली सावली पडू नये म्हणून.

"माय, तुमी कशाला आलात इथं? भायेरच थांबा, म्या आणते. न्हाय... म्या कसं आणू? हात कसा लावू?"

"मग काट्यातनं कसं आणलंस?"

"पळसाच्या पानात घिऊन. हात न्हाय लावला, शपथ घ्या."

इरम्मा वाकून आत शिरली. कोनाड्यात धुतलेल्या फडक्यावर पळसाचं पान, पानावर करडगी, वर कोरं मडकं झाकलेलं. मडक्यापाशी बेलाची पानं, कालची वाळलेली आणि आजची ताजी. तुटलेला दोरासुद्धा नीट गुंडाळून ठेवलेला.

इरम्मानं करडगी उघडली. लिंग होतं तसं होतं, काळंभोर, गुळगुळीत. तिनं ते डाव्या तळहातावर घेतलं.

"पाणी दे, गजराबाई."

"माय, आमचं पाणी..."

"दे."

ओढ्याच्या वाळूत खणलेल्या झिऱ्याचं ते पाणी होतं. इरम्मानं त्याच पाण्यानं लिंगाला स्नान घातलं. भस्माची डबी घरी राहिली होती. भस्म म्हणजे तरी काय, शेणीची राख. तिनं चुलीत हात घातला. राख थंडगार होती. कालची सुद्धा ऊब नव्हती तिला.

"चूल पेटली न्हाय?"

गजराबाई चुलीपुढची राख सारू लागली.

"अगं, काय इचारते मी? चूल पेटली न्हाय का?"

"कसं पेटवावं, माय? तुमच्या घरचा गडी म्हणला, धाकल्या माईनं पाण्याचा थेंब घेतला न्हाय. देव आमच्या घरात, तुमी तिकडं उपाशी. मग आमी इकडं त्येच्या म्होरं बसून कसं खावं? म्या म्हणलं, देव जाईस्तवर आपुनबी उपाशी ऱ्हावं. पाणीबी न्हाय घेतलं. ह्येनलाबी तसंच उपाशीपोटी धरून नेलं." ती कसनुसं हसली. "आमाला तुमची रीत ठाव न्हाय. चुकलं असंल तर पोटात घाला."

इरम्माच्या आत काहीतरी पेटलं. मठात पंचपक्वान्नाची पूजा होते. काल तिचं लिंग विटाळलं म्हणून सांगणारे स्वामी पाटलाच्या पंगतीला पुरणपोळी तुपात बुडवून जेवले होते. आणि जिला देवळाच्या पायरीला शिवायची बंदी, जिचा नवरा खोड्यात, तिनं परक्या बाईचा नेम पाळला होता. कुणी सांगितलं नव्हतं, दीक्षा दिली नव्हती, पुराण ऐकवलं नव्हतं. विटाळ कुठं होता, हे कुणी आता इरम्माला शिकवायला यावं!

तिनं ती थंड राख चिमटीनं घेऊन लिंगाला लावली, कपाळाला लावली. बेल वाहिला. स्नानाचं पाणी वाटीत धरलं होतं. त्यातलं ती प्यायली आणि वाटी पुढं केली. "घे. तीर्थ हाय."

गजराबाईनं ओंजळ केली आणि ती खाली धरली, इरम्मानं वरून ओतावं म्हणून.

"वाटीच घे," इरम्मा म्हणाली.

मग पोटभर प्यायला पाणी हवं होतं. गजराबाईनं तांब्या उचलला आणि हात उंच धरला, की आता इरम्माच्या ओंजळीत वरून ओतावं, आपल्या भांड्याला तिची बोटं लागून तिला आणखी पाप नको. हे बघून इरम्माला रडावं की ओरडावं कळेना. तिनं तांब्या हातातून काढून घेतला आणि तोंडाला लावला. लंगडत आलेला गोरोबा दारात उभा राहून हे बघत होता. आत येऊन त्यानं चूल पेटवली.

पाटलानं शब्द पाळला. नवऱ्याच्या वाटणीची जमीन इरम्माला सोडवता आली नाही; करडईच्या रानातलं पत्र्याचं खोपट तेवढं तिला मिळालं. स्वामी भिक्षेला निघाले की तिच्या बांधापाशी वाट मोडून पलीकडून जात. गावातल्या बायका तिला बघून पदर सावरत. महारवाड्याचा सरवा बंद झाला, दुकानातलं मीठ बंद झालं. गोरोबा पुन्हा सोलापूरला जायची भाषा करू लागला. वेठ मात्र पुन्हा कुणी केली नाही.

एका दुपारी नीलम्मा डोक्यावर घागर घेऊन त्या रानात आली. विहीर दुसऱ्या बाजूला होती, त्यामुळं पाण्याचं निमित्त लंगडंच होतं. घागर ठेवून ती इरम्मापाशी बसली. मग नीलम्माची नजर जावेच्या गळ्याकडं गेली.

"दोरा नवा दिसतोय. कुणी वळला?"

"गजराबाईनं. मांडीवर वळून दिला. काट्यानंबी तुटणार न्हाय म्हणाली."

नीलम्मानं हात लांबवला, क्षणभर थांबली, मग तो दोरा दोन बोटांत धरून पाहिला. तिचा दुसरा हात आपल्या गळ्याशी गेला.

"माझा बी लई झिजलाय गं," ती म्हणाली.

इरम्मा उठली. "मग चला, अक्का. सोमवारची वाट बघू नका."